शाळेला येणारं समग्र शिक्षाचं अनुदान: पालकांनी कधी, कुठे आणि कसं लक्ष घालायचं

मुळशी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. पहिल्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला, "ताई, अनुदान पडलंय, काय काय घेऊ या?" हातात चार दिवस होते. सुचलं ते घेतलं: दोन सतरंज्या, भिंतीवरचं घड्याळ, खडूचे डबे. पहिलीच्या वर्गात मात्र त्या जूनमध्येही खिडकीतून पाणी आलंच. त्या खिडकीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी सप्टेंबरपासूनच कामाला लागले, आणि त्या वर्षी जे शिकले ते इथे लिहिते आहे. शाळा पुणे महापालिकेची असो, पिंपरी-चिंचवडची असो की जिल्हा परिषदेची, रीत बरीचशी सारखीच आहे.

पैसा येतो कसा

सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-शिक्षणाची योजना २०१८ मध्ये एकत्र करून 'समग्र शिक्षा' सुरू झाली. महाराष्ट्रात या योजनेच्या खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. राज्यात ती महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद राबवते. शाळांच्या गरजा तालुका, जिल्हा किंवा महापालिका असं करत राज्याच्या वार्षिक कार्ययोजनेत आणि अंदाजपत्रकात जातात. त्याला दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळाची मंजुरी मिळते, आणि मग पैसा उलट्या वाटेने खाली येतो.

शाळेच्या हातात थेट येणारा भाग म्हणजे संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरतं. ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० मुलांना २५,०००, १०१ ते २५० मुलांना ५०,०००, २५१ ते १,००० मुलांना ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख. हे झाले योजनेचे दर. प्रत्यक्षात त्या वर्षी जितकं मंजूर होईल तितकंच येतं, तेही पुष्कळदा हप्त्यांनी. याखेरीज ग्रंथालयासाठी शाळेच्या प्रकारानुसार ५,००० ते २०,००० आणि खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे.

पहिलं काम: सप्टेंबरमध्ये पट तपासा

३० मुलं आणि ३१ मुलं यांत एका मुलाचा फरक, पण अनुदानात १५,००० रुपयांचा. लहान शाळेसाठी १५,००० रुपये म्हणजे वर्षभराचं वीजबिल आणि वर नळदुरुस्ती. हा पट हजेरीपटावरून धरत नाहीत. युडायस प्लसमध्ये, म्हणजे शाळांची आणि मुलांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत, ३० सप्टेंबरला जी नोंद असेल ती खरी.

आमच्या वर्गांत बसणारी मुलं होती ३२, नोंदीत ३०. उरलेली दोघं भावंडं. त्यांचे आईवडील इमारतीच्या बांधकामावर आले होते आणि मुलं जुलैपासून रोज शाळेत येत होती. पण जुन्या शाळेने त्यांना सोडल्याची नोंद केलीच नव्हती. मूल शाळा बदलतं तेव्हा जुन्या शाळेने त्याला 'ड्रॉप बॉक्स'मध्ये टाकावं लागतं, मगच नवी शाळा त्याचा पेन नंबर (कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक) आणि जन्मतारीख घालून त्याला आपल्याकडे ओढून घेऊ शकते. बाईंनी तीनदा फोन केले होते. शेवटी त्या मुलांची आजी गावी होती, तिला आम्ही त्या जुन्या शाळेत पाठवलं. आजी कार्यालयाच्या दारात बसून राहिली आणि दुपारी दोघांची नावं सुटली.

म्हणून पंधरा सप्टेंबरच्या सुमारास मुख्याध्यापकांकडे बसा आणि हजेरीपट व युडायसची यादी शेजारी शेजारी ठेवून नावं ताडून बघा. आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव वेगळं असेल तर तेही आत्ताच दुरुस्त करा. संचमान्यतेलाही, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार त्यालाही, हीच माहिती लागते. वाघोली, हिंजवडी, चाकणसारख्या भागांत जिथे मजुरांची मुलं वर्षाच्या मध्यात येतात, तिथे हे काम सगळ्यात मोलाचं आहे.

शाळेची माहिती घरबसल्याही बघता येते. शाळेचा युडायस कोड ११ अंकी असतो, पुणे जिल्ह्यातला २७२५ने सुरू होतो. तो घालून युडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळा शोधा.

दुसरं काम: आराखडा डिसेंबरच्या आत

शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा करणं हे या समितीचं काम आहे. बऱ्याच ठिकाणी तो आराखडा मागच्या वर्षीचाच उतरवून काढतात, समिती सही करते आणि चहा होतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, ही एक सही तरी न वाचता करू नका.

आराखडा लिहिण्याआधी शाळेतून एक फेरी मारा, मुलं शाळेत असताना. आम्ही पहिलीतल्या एका मुलीला सोबत घेतलं. ती पाणी प्यायला गेली तेव्हा दिसलं की तोटी तिच्या हनुवटीच्याही वर आहे. ती टाचा उंच करून, एका हाताने तोटी दाबून, दुसऱ्या हाताची ओंजळ करत होती आणि निम्मं पाणी बाहीत जात होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती, म्हणून मैत्रीण बाहेर उभी करायची पद्धत पडली होती. खोलीत बसून यादी केली असती तर यातलं काहीच तिच्यात आलं नसतं. प्रत्येक गरजेपुढे अंदाजे खर्च लिहा. 'पाण्याची सोय करणे' असं मोघम लिहू नका. 'खालच्या उंचीवर दोन तोट्या, इतके रुपये' असं लिहा.

तिसरं काम: कुठला खर्च कुठल्या पैशातून

संयुक्त अनुदानातून वीजबिल, इंटरनेट, पाणी, शैक्षणिक साहित्य, बिघडलेल्या वस्तूंच्या जागी नव्या वस्तू, इमारतीची आणि स्वच्छतागृहाची किरकोळ दुरुस्ती हे सगळं बसतं. किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च व्हावी लागते. कडी, तोट्या आणि खिडकी, तिन्ही कामं यातच झाली.

नवी खोली किंवा पूर्ण छप्पर यात बसत नाही. त्यासाठी वेगळा प्रस्ताव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे द्या आणि पोच घ्या.

गावातल्या पालकांसाठी आणखी एक वाट आहे, ती फार कमी जण वापरतात. केंद्रीय वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीला येतो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी यातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला आणि ४० टक्के अबंधित ठेवला. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतीच्या २९ विषयांत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षणही आहे, त्यामुळे शाळेचं काम अबंधित निधीतून मागता येतं. शाळेची पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह तर बंधित निधीत बसतात. मात्र ते ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात असायला हवं, म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला लेखी अर्ज घेऊन जा आणि विषय इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते तिथेच वाचून बघा.

चौथं काम: मार्चची वाट न बघता खर्च

आता पैसा शाळेच्या खात्यात येऊन पडून राहत नाही. खातं शून्य शिलकीचं असतं आणि शाळेला पीएफएमएस या सरकारी पैशांच्या ऑनलाइन प्रणालीवर खर्चाची मर्यादा मिळते. दुकानदाराचं नाव, खातं आणि आयएफएससी कोड तिथे नोंदवायचा, बिल चढवायचं, पेमेंट ॲडव्हाइस (दुकानदाराला पैसे द्या असं बँकेला सांगणारा कागद) छापायची, तिच्यावर सह्या करायच्या आणि ती बँकेत द्यायची. ३१ मार्चला उरलेली मर्यादा गेली.

आमची ३,२०० रुपयांची पुस्तकखरेदी अशीच गेली. पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून निवडून ठेवली होती. दुकानदाराची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, आमच्याकडे कोड जुना, आणि पैसे २९ मार्चला परत आले. नवी नोंद होईपर्यंत वर्ष संपलं. तेव्हापासून मी खरेदी ठरली की आधी दुकानदाराकडून रद्द केलेला चेक मागते. विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली स्वस्त पडते, पण पक्कं बिल आणि चालू खातं देणाऱ्याकडेच जा. तीन दुकानांचे दर लेखी घ्या, रक्कम लहान असली तरी.

पाचवं काम: कागद

वस्तू आली की त्याच दिवशी जडवस्तू नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत) चढवा. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाले असं लिहून देणारा कागद, वेळेवर जाऊ द्या. मिळालेली रक्कम आणि झालेला खर्च दर्शनी फलकावर लिहायला मुख्याध्यापकांना सांगा. बहुतेक जण आनंदाने लिहितात, कारण संशयाचं ओझं त्यांच्याही डोक्यावरून उतरतं. कोणी हिशोब दाखवतच नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

समितीची मुदत संपते आणि नवे सदस्य पुन्हा मार्चपासून सुरुवात करतात, म्हणून एक साधी वही ठेवा. तिच्या शेवटच्या पानावर न झालेली कामं, मागितलेले दर आणि दिलेल्या अर्जांच्या तारखा लिहा. माझ्या वहीत तिथे तीन ओळी होत्या: पुस्तकं, पाण्याची टाकी, पाचवीच्या वर्गाचा पंखा. नव्या अध्यक्षांच्या हातात ती जूनच्या पहिल्या सभेत द्यायची आणि पोच नसलेले अर्ज तेवढे तोंडी सांगायचे.