सिएरा नेवाडात तंबू ठोकताय? खाण्याच्या डब्याबाबत या चुका टाळा

"अस्वल अंगावर आलं तर काय करायचं?" कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पहिल्यांदा मुक्कामाला निघालेला जवळपास प्रत्येक जण मला हे विचारतो. लाडवांचा डबा रात्री कुठे ठेवायचा, हे फार थोडे विचारतात. कॅलिफोर्नियात ग्रिझली, म्हणजे मोठं तपकिरी अस्वल, आता फक्त राज्याच्या झेंड्यावर उरलंय. सिएरात दिसणारं तपकिरी अस्वलसुद्धा काळ्या अस्वलाच्याच जातीचं, आणि त्याचा डोळा आपल्या पिशवीवर असतो. माणसाचं अन्न एकदा तोंडाला लागलं की ते पुन्हा पुन्हा मुक्कामावर येतं, धीट होतं, पिल्लांनाही तेच शिकवतं. असं अस्वल धोकादायक ठरलं तर शेवटी रेंजरांना ते मारावं लागतं. आपल्या एका विसरलेल्या पुडीपायी त्या जनावराचा जीव जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

पिशवी झाडाला टांगणे

सह्याद्रीत माकडांपासून वाचवायला आपण पिशवी उंच टांगतो, ती सवय इथे आणू नका. सिएरातली अस्वलं दोरी तोडतात, फांदी मोडतात, पिल्लाला वर चढवतात. योसेमिटीच्या रानात अन्न टांगून ठेवणं बेकायदाच आहे. बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा टणक डबा, सक्तीचा आहे. कापडी अस्वलरोधक पिशव्या तिथे चालत नाहीत. विकत घ्यायचा नसेल तर रानातल्या मुक्कामाचं परमिट घ्यायला जाल तिथेच डबा भाड्याने मिळतो.

फक्त खाण्याचे पदार्थ डब्यात ठेवणे

ज्याला वास आहे ते सगळं अस्वलाच्या लेखी अन्नच. टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, डोकेदुखीचा बाम, खोबरेल तेल, खोकल्याच्या गोळ्या, च्युइंगम, रिकामी रॅपर्स आणि दिवसभराचा कचरा, सगळं डब्यात. आपल्या लोकांच्या सामानात हिंगाची डबी आणि गोडा मसाला असतोच. त्या हमखास पातेल्यात किंवा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात राहून जातात. झोपण्याआधी प्रत्येकाने आपले खिसे तपासावेत. मुलांच्या जॅकेटमध्ये चिक्कीचा तुकडा सापडतोच सापडतो.

जागा खाणारे पदार्थ नेणे

"डब्यात मावतच नाही" ही तक्रार बहुतेक वेळा चिवड्यामुळे असते. पोहे-चुरमुरे म्हणजे निम्मी हवा. त्याऐवजी दाण्याचे लाडू, सातूचं पीठ, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, खजूर न्या. खोकी घरीच टाकून द्या आणि जिन्नस पातळ पिशव्यांत भरा. बंद पुड्या उंचावर फुग्यासारख्या फुगतात, तेव्हा आधीच टोचून हवा काढा. पहिल्या दिवशी जे रात्रीच्या आत संपणार आहे ते डब्याबाहेर नेलं तरी चालतं, फक्त ते सतत हाताशी हवं.

डबा ठेचून भरला की झाकणही अडतं. प्लास्टिकच्या डब्यांची झाकणाची खाच थंडीत आणखी कडक होते आणि गारठलेल्या बोटांनी दाबली जात नाही. जुनं एटीएम कार्ड खाचेत सरकवून झाकण फिरवा. सकाळचा चहा डबा उन्हात येईपर्यंत थांबवायची वेळ येणार नाही.

डबा उशाशी किंवा ओढ्याकाठी ठेवणे

तंबूपासून चाळीसेक पावलं दूर, सपाट जमिनीवर ठेवा. अस्वल तो लोळवत नेतं, म्हणून जवळ कडा किंवा पाणी नको. दोरी बांधू नका, बॅगेतही ठेवू नका. धरायला काही मिळालं की उचलून नेणं सोपं होतं. आणि स्वयंपाक चालू असताना "आत्ताच लागणार आहे" म्हणून झाकण उघडं टाकू नका. ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे.

गाडीला तिजोरी समजणे

योसेमिटीत २००१ ते २००७ या काळात अस्वलांनी फोडलेल्या गाड्यांचा अभ्यास झाला. त्यात मिनीव्हॅन फोडल्या जाण्याचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने बरंच जास्त निघालं. कारणाचा एक तर्क असा, की त्यांतून लहान मुलं फिरतात आणि सीटच्या फटींत बिस्किटांचा चुरा साठतो. निघण्यापूर्वी कार सीट झटका आणि अन्न पार्किंगजवळच्या लोखंडी लॉकरमध्ये ठेवा.

उंचावर अस्वल नाही म्हणून निर्धास्त राहणे

झाडांची हद्द संपल्यावर मार्मट, म्हणजे खारीच्या कुळातला एक मोठा प्राणी, भेटतो. सिएरातल्याच माउंट व्हिटनी शिखराच्या वाटेवर, बारा हजार फुटांवरही, तो खाण्यासाठी बॅग कुरतडून आत शिरतो. बॅगेत अन्न नसेल तेव्हा कप्पे उघडे ठेवा, म्हणजे तो डोकावून निघून जातो आणि कापड वाचतं. उंदरांकडेही दुर्लक्ष नको. २०१२ मध्ये योसेमिटीच्या तंबू-खोल्यांत राहिलेल्यांमध्ये हंता विषाणूची साथ पसरली आणि तिघांचा मृत्यू झाला. तो विषाणू डिअर माउस जातीच्या उंदरांच्या लघवी-लेंड्यांतून पसरतो. सांडलेला भात लगेच उचला, भांड्यांचं पाणी गाळून पाण्यापासून दूर शिंपडा आणि गाळ डब्यात परत ठेवा.

अस्वल आलंच तर गप्प बसणे

सगळ्यांनी एकत्र उभं राहून जोरात ओरडा, पातेली बडवा. त्याला निघून जायची वाट मोकळी ठेवा. अन्न त्याच्या तोंडात गेलं असेल तर ते सोडून द्या, हिसकावायला जाऊ नका. ते गेल्यावर चिंध्या, चुरा, फाटक्या पिशव्या वेचून घ्या आणि खाली उतरल्यावर रेंजरांना ठिकाण व वेळ सांगा.