मागणीचा नियम हाताने करून समजून घ्या : आलेख कागद, दोरा आणि एक मणी

‘किंमत वाढली की मागणी घटते, किंमत घटली की मागणी वाढते.’ शाळेत अर्थशास्त्राला तोंड लावलेल्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असतं. मग कोणीतरी विचारतं, ‘पाऊस सुरू झाला की छत्र्या महागतात, आणि तरीही जास्त खपतात. ते कसं?’ पाठ केलेलं वाक्य इथे अडकतं. चूक नियमाची नसते. वाक्याआधी येणारी ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ ही अट आपण घाईघाईत वाचून पुढे गेलेलो असतो. मी शिकवताना सगळा भर या अटीवर देतो, कारण ती एकदा नीट कळली की पुढचं अर्धं प्रकरण आपोआप सुटतं.

त्यासाठी आलेख कागदाचे तीन-चार ताव, पेन्सिल, हातभर दोरा आणि त्यातून सहज सरकेल असा एक मणी घ्या. एक तास हाताशी असू द्या.

पायरी १ : इच्छा वेगळी, मागणी वेगळी

एका कागदावर आपल्याला हव्या असलेल्या पाच वस्तू लिहा. प्रत्येकीपुढे दोन प्रश्न विचारा : ती घेण्याची ऐपत आहे का? आणि ऐपत असली तर त्यासाठी पैसे खर्च करायची तयारी आहे का? दोन्हीला ‘हो’ आलं तरच ती मागणी. ऐपत नसताना महागडी दुर्बीण हवीशी वाटणं ही इच्छा झाली. ऐपत असूनही पैसा सोडवत नसेल, तर तीही इच्छाच.

मागणी सांगताना किंमत आणि कालावधी सोबत लागतो. ‘मला वह्यांची मागणी आहे’ हे वाक्य अर्धवट राहतं. ‘एका वहीची किंमत २० असताना मी एका सहामाहीत ८ वह्या घेईन’ हे पूर्ण झालं. परीक्षेत व्याख्या लिहितानाही हे दोन शब्द गाळू नका.

पायरी २ : स्वतःचं मागणी पत्रक

आता एकच वस्तू धरा. मी वही घेतो, कारण ती कमी-जास्त घेता येते आणि प्रत्येकाला तिचा उपयोग माहीत असतो. चलन कोणतंही असो, आकडे असे मानू :

किंमत १० – वह्या १०
किंमत २० – वह्या ८
किंमत ३० – वह्या ६
किंमत ४० – वह्या ४
किंमत ५० – वह्या २

हे माझे आकडे झाले. तुम्ही तुमचे लिहा, आणि प्रत्येक ओळ लिहिताना थांबून खरंच विचार करा. किंमत १० असेल तर प्रत्येक विषयाला वेगळी वही, वर कच्च्या कामाला एक, चित्रं काढायला एक. किंमत ५० झाली तर? चित्रांची वही पहिली जाते, मग कच्ची जाते, मग दोन विषय एकाच वहीत पुढून-मागून लिहिले जातात.

हा क्रम नीट पाहा, कारण नियमामागचं कारण त्यातच आहे. पहिली वही सगळ्यात निकडीच्या कामाला जाते, पुढची त्याहून कमी निकडीच्या. दहावी वही हाती आली तरी तिचा उपयोग पहिलीइतका नसतो. यालाच घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम म्हणतात. हेर्मान हाइनरिक गोसेन यांनी तो १८५४ मध्ये मांडला आणि पुढे आल्फ्रेड मार्शल यांनी त्याला मागणीच्या नियमाचा पाया केलं. वस्तूचा जो शेवटचा नग घेताना ‘एवढी किंमत द्यायला हरकत नाही’ असं वाटतं, तिथे आपण थांबतो. किंमत उतरली की हा थांबा पुढे सरकतो.

आणखीही कारणं आहेत. किंमत उतरली की त्याच पैशात जास्त घेता येतं, म्हणजे आपलं वास्तव उत्पन्न वाढतं. हा उत्पन्न परिणाम. महाग राहिलेल्या पर्यायाऐवजी आपण स्वस्त झालेल्या वस्तूकडे वळतो. हा पर्यायता परिणाम. शिवाय आधी न परवडणारे नवे ग्राहक येतात.

घरात आणखी दोघांना पत्रक भरायला सांगा. पण एकमेकांचं न बघता! एकाने ८ लिहिलेलं दिसलं की दुसरा ७ किंवा ९ लिहितो. किंमत २० ला तिघांचे आकडे ८, ५ आणि ३ आले, तर बाजार मागणी १६. किंमत ४० ला ४, २ आणि ० आले, तर ६. बेरीज नगांची करायची, किमतींची नाही. बाजार मागणीबद्दल एवढं पुरे.

पायरी ३ : आलेख

आडव्या ‘क्ष’ अक्षावर मागणीचे नग घ्या, उभ्या ‘य’ अक्षावर किंमत. पाच बिंदू मांडा आणि जोडा. डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेषा मिळेल. हा मागणी वक्र. आपल्या आकड्यांचा वक्र सरळ रेषेत येतो, म्हणून गोंधळू नका. सरळ असला तरी त्याला वक्रच म्हणतात.

विज्ञान-गणितात हुशार असलेली मुलं इथे हमखास हात वर करतात. ‘किंमत कारण आहे, मागणी परिणाम. मग कारण क्ष अक्षावर नको का?’ प्रश्न अगदी रास्त आहे. फ्रेंच गणितज्ञ ऑग्युस्तँ कुर्नो यांनी १८३८ मध्ये मागणीचा आलेख काढला, तेव्हा किंमत आडव्या अक्षावरच घेतली होती. मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथात किंमत उभ्या अक्षावर आली आणि तीच पद्धत रूढ झाली. हे आधीच सांगितलं तर मुलाला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत नाही.

पायरी ४ : एका वेळी एकच गोष्ट बदला

विज्ञानाच्या प्रयोगशाळेत लंबकाचा दोलनकाल मोजताना दोऱ्याची लांबी बदलायची असेल, तर गोळा तोच ठेवतो आणि झोका तेवढाच देतो. सगळंच एकदम बदललं तर फरक कशामुळे पडला हे कळायला मार्ग उरत नाही. ‘इतर परिस्थिती स्थिर’ याचा अर्थ नेमका हाच. फक्त वस्तूची स्वतःची किंमत बदलू द्यायची. ग्राहकाचं उत्पन्न, त्याची आवड, पर्यायी आणि पूरक वस्तूंच्या किमती, हवामान, पुढे भाव चढणार की उतरणार याचा अंदाज, लोकसंख्या हे सगळं बांधून ठेवायचं. बाजार ही प्रयोगशाळा नाही, तिथे काहीच बांधून ठेवता येत नाही, म्हणून हे बांधणं डोक्यात करावं लागतं. विद्यार्थ्याला खरी कसरत इथे आहे.

आता दोरा आणि मणी घ्या. मणी दोऱ्यात ओवा. दोरा ताणून आलेखावरच्या मागणी वक्रावर बरोबर धरा आणि मणी ‘किंमत ३०, नग ६’ या बिंदूवर आणा. कोणाला तरी सांगा, ‘वहीची किंमत २० झाली.’ मणी दोऱ्यावरून खाली उजवीकडे सरकवा, ८ नगांवर येईल. दोरा हलला नाही. पुस्तकी भाषेत हे मागणीतील विचलन. किंमत उतरून मणी खाली सरकला तर मागणीचा विस्तार, किंमत चढून वर सरकला तर संकोच.

मग सांगा, ‘वहीची किंमत तीच आहे, पण विषय दोनने वाढले.’ मणी दोऱ्यावर कुठेही सरकवून हे दाखवता येत नाही. करून बघा. त्याच किमतीला जास्त वह्या लागणार आहेत, म्हणजे अख्खा दोराच उचलून उजवीकडे न्यावा लागतो. हा मागणीतील बदल. दोरा उजवीकडे गेला तर मागणीतील वृद्धी, डावीकडे गेला तर मागणीतील ऱ्हास. मुलगा दोरा उचलतो त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते फळ्यावर दहा वेळा लिहूनही उमटत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

पुढची वाक्यं एकेक वाचा आणि प्रत्येक वेळी ‘मणी की दोरा?’ विचारा.

शाईच्या पेनाची किंमत वाढली; शाईच्या पेनाचा वक्र? मणी.
शाईच्या पेनाची किंमत वाढली, बॉलपेनचा वक्र? दोरा, उजवीकडे, कारण दोन्ही एकमेकांचे पर्याय.
शाईच्या पेनाची किंमत वाढली; शाईचा वक्र? दोरा, डावीकडे, कारण त्या पूरक वस्तू.
घरातलं उत्पन्न वाढलं, वहीचा वक्र? सर्वसाधारणपणे दोरा, उजवीकडे. वस्तू हलक्या प्रतीची असेल तर उलट, डावीकडे.

घटना तीच असते, वक्र कोणाचा विचारलाय त्यावर उत्तर ठरतं. पहिल्या तीन वाक्यांत हेच आहे.

आता छत्री. पाऊस आला म्हणजे किमतीखेरीज दुसरंच काहीतरी बदललं. दोरा उजवीकडे गेला. प्रत्येक किमतीला आधीपेक्षा जास्त छत्र्या मागितल्या जाऊ लागल्या, म्हणून किंमतही चढली आणि खपही वाढला. नियमाला कुठेच धक्का लागलेला नाही. त्याच भर पावसात छत्री आणखी महाग झाली, तर काही लोक जुनी छत्री दुरुस्त करून वापरतील, काही एकाच छत्रीत दोघं जातील. तो मण्याचा प्रवास.

याच फरकाने आणखी एक जुना घोळ सुटतो : ‘किंमत उतरली की मागणी वाढते, मागणी वाढली की किंमत चढते, मग किंमत उतरेलच कशी?’ पहिल्या ‘मागणी वाढते’मध्ये मणी सरकलाय, दुसऱ्यात दोरा. शब्द एक वापरला म्हणून ते चक्र वाटलं.

नियमाचे अपवाद

दोन लक्षात ठेवा. अतिशय गरीब कुटुंबाचं मुख्य अन्न महागलं की त्याहून महागडे पदार्थ त्यांना सोडावे लागतात, आणि पोट भरायला तेच मुख्य अन्न जास्त घ्यावं लागतं. हा गिफेनचा विरोधाभास. मार्शल यांनी तो रॉबर्ट गिफेन यांच्या नावावर मांडला. दुसरा, प्रतिष्ठेसाठी घेतल्या जाणाऱ्या वस्तू. महाग आहेत म्हणूनच त्या हव्या असतात, आणि स्वस्त झाल्या की त्यांचा तोरा जातो. थॉर्स्टीन वेब्लेन यांनी १८९९ मध्ये अशा दिखाऊ उपभोगाचं विश्लेषण केलं. परीक्षेत अपवाद विचारले की पाऊस, सण, फॅशन लिहू नका. तिथे दोरा हललेला असतो, नियम मोडलेला नसतो.

पायरी ५ : लवचिकता

किंमत बदलली की मागणी कोणत्या दिशेने जाते हे कळलं. किती जाते, हे लवचिकता सांगते. मागणीतला शेकडा बदल भागिले किमतीतला शेकडा बदल. उणे चिन्ह सोडून द्यायचं.

आपल्या पत्रकात किंमत २० वरून ३० झाली, म्हणजे ५० टक्के वाढली. नग ८ वरून ६ झाले, म्हणजे २५ टक्के घटले. लवचिकता ०.५, एकापेक्षा कमी. आता किंमत ४० वरून ५० करा. वाढ २५ टक्के, नग ४ वरून २, घट ५० टक्के. लवचिकता २. रेषा तीच, उतार तोच, दोन्ही वेळा १० ने किंमत वाढली आणि २ नग कमी झाले. तरी एकीकडे अर्धा आणि दुसरीकडे दोन! ‘रेषा सरळ म्हणजे लवचिकता सगळीकडे सारखी’ ही चूक इतकी पसरलेली आहे की ही दोन गणितं स्वतःच्या हाताने केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पत्रकात तिसरा रकाना वाढवा : एकूण खर्च, म्हणजे किंमत गुणिले नग. वरून खाली १००, १६०, १८०, १६०, १००. किंमत ३० पर्यंत खर्च चढतो, कारण तिथे मागणी कमी लवचीक आहे. महागलं तरी ग्राहक फारसं घेणं कमी करत नाही. ३० नंतर खर्च उतरतो, कारण तिथे मागणी जास्त लवचीक आहे, ग्राहक घेणं बरंच कमी करतो. बरोबर ३० वर लवचिकता एक आहे. भाव वाढवला की विक्रेत्याचं उत्पन्न वाढतंच असं नाही, हे या एका रकान्यात दिसतं.

मग असा वक्र असेल का, जिथे एकूण खर्च कधीच बदलत नाही? हे आकडे मांडा : किंमत १० ला १२ नग, २० ला ६, ३० ला ४, ४० ला ३, ६० ला २. गुणाकार दर वेळी १२०. बिंदू जोडले की सरळ रेषा न येता दोन्ही अक्षांच्या जवळ जवळ जाणारी, पण त्यांना कधीच न टेकणारी कमान येते. हा एकक लवचीक मागणी वक्र.

ही कमान तुम्ही विज्ञानाच्या तासाला पाहिलेली आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम आठवा : तापमान आणि वायूचं वस्तुमान स्थिर असताना दाब गुणिले आकारमान कायम राहतं. तिथेही ‘स्थिर असताना’ आहेच. मात्र बॉइलचं नातं व्यस्त प्रमाणाचं आहे, दाब दुप्पट तर आकारमान निम्मंच. मागणीचा नियम एवढं वचन देत नाही. तो फक्त व्यस्त संबंध सांगतो : एक वाढलं की दुसरं घटेल, किती घटेल ते वस्तूवर आणि ग्राहकावर अवलंबून. व्यस्त प्रमाण हा त्यातला एकच खास प्रकार.

दुसऱ्या तावावर, त्याच मापाचे अक्ष घेऊन, दाब उभ्या अक्षावर आणि आकारमान आडव्या अक्षावर मांडा. आकडे वरचेच घ्या : दाब १० ला आकारमान १२, २० ला ६, आणि तसेच पुढे. मग दोन्ही ताव एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर उजेडात धरा.