नाताळची अंगणातली सजावट: या चुका टाळा

आमच्याकडे वसईत आगमनकाळाचा (नाताळआधी येशूच्या जन्माची वाट बघण्याच्या काळाचा) पहिला रविवार आला की माळ्यावरचा ताऱ्याचा सांगाडा खाली उतरतो. तिथून नाताळपर्यंत चार रविवार मिळतात. एवढे दिवस हाताशी असूनही बहुतेक घरांची बाहेरची सजावट शेवटच्या दोन रात्रींत उरकली जाते, आणि निम्म्या चुका त्या घाईतच होतात. बरीच वर्षं आमच्या ओट्यावरचा तारा आणि अंगणातला गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मी करत आलो आहे. त्यात जे बिघडलं आणि जे सुधारलं, ते इथे सांगतो.

सगळीकडेच उजेड

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी. माळा स्वस्त झाल्यात. मग कठड्याला एक, गॅलरीला दोन, आंब्याला तीन आणि गेटवर लाल-हिरवी पळणारी. एकेक माळ बघावी तर छान असते, पण रस्त्यावरून येणाऱ्याला तारा कुठे आहे तेच कळत नाही.

नाताळच्या सजावटीत मानाच्या जागा दोनच: वर तारा, खाली गोठा. ताऱ्याने लांबून बोलवायचं, गोठ्यापाशी माणसाने थांबायचं. बाकीचा उजेड या दोघांना सांभाळून असावा. त्यासाठी अंधार शिल्लक ठेवावा लागतो. आमच्या वाडीत केळीच्या बागेकडची बाजू मी मुद्दाम काळोखी ठेवतो. तारा तिथूनच सगळ्यात देखणा दिसतो.

माळेचा रंग एकच निवडा. खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ किंवा 2700 ते 3000 केल्विन लिहिलेलं बघा. 6500 केल्विनचा पांढरा उजेड निळसर असतो, त्यात मातीच्या मूर्तींचे चेहरे आजारी वाटतात. लुकलुकणाऱ्या माळेच्या डबीवरचं बटण दाबत दाबत ती स्थिर उजेडावर आणा. काही डब्या वीज जाऊन आली की पुन्हा लुकलुकायला लागतात, म्हणून घेतानाच बिनडबीची माळ मिळाली तर उत्तम.

सगळं लावून झालं की रात्री आठनंतर गेटबाहेर जाऊन उभे राहा. सजावट करणारा ती नेहमी ओट्यावरून बघतो, येणारा-जाणारा मात्र रस्त्यावरून. नजर ताऱ्यावर न जाता दुसरीकडेच जात असेल, तर तिथली माळ काढा.

ताऱ्यात मोठा बल्ब

कागदाचा तारा घरी करणं अजूनही परवडतं आणि तो विकतच्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी शांत दिसतो. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या, पाच-पाचचे दोन तारे बांधा, एकावर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने आवळा. मग आतल्या पाच कोनांत बोटभर लांबीच्या आडव्या काड्या अडकवल्या की तारा पोट फुगवून उभा राहतो. वर खळ लावून पतंगी कागद. मागची एक बाजू बल्बसाठी उघडी ठेवायची.

मी शाळेत असताना आमच्या ताऱ्यात साठचा पिवळा बल्ब होता. खाडीकडून वारा सुटला, तारा हलला आणि बल्ब एका बाजूला कलला. आधी जळका वास आला, मग लाल कागदावर तपकिरी वर्तुळ उमटलं. वडिलांनी धावत जाऊन पिन उपटली म्हणून ओट्याचं छप्पर वाचलं. त्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते. आज 3 ते 5 वॉटचा एलईडी बल्ब ताऱ्याला भरपूर झाला. तोही कागदाला टेकू देऊ नका. होल्डर मधोमध एका आडव्या कामटीला बांधा.

दुसरी गोष्ट म्हणजे तारा वायरवर लटकवायचा नाही. वजन सुतळीने किंवा नायलॉनच्या दोरीने पेलायचं आणि वायर सैल सोडायची. वजन वायरवर आलं की चार दिवसांत होल्डरमधला स्क्रू ढिला होतो आणि तारा मिचमिचायला लागतो. ‘बल्ब गेला’ म्हणून लोक बल्ब बदलतात, पण दोष वर असतो.

गोठ्यात कापसाचा बर्फ आणि थर्माकोल

संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खऱ्या गवताची गव्हाण मांडली, सोबत बैल आणि गाढव उभं केलं. गरिबीत जन्मलेलं बाळ लोकांना डोळ्यांनी दिसावं, हा त्यामागचा भाव. त्या गोठ्यावर थर्माकोलचे महाल आले की तो भावच हरवतो. शिवाय महाराष्ट्रात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. कापसाचा बर्फ तर माळेशेजारी ठेवूच नये, तो क्षणात पेटतो.

आपल्याकडे सामान काय कमी आहे? झावळ्या, केळीची सुकी सोपटं, भाताचा पेंढा, विहिरीजवळची माती. पेंढाही पेटतो, त्यामुळे दिवा बाहेरून आत सोडा, पेंढ्यात लपवू नका. नाचणी किंवा गहू दहा-बारा दिवस आधी पसरट टोपल्यांत पेरा. नाताळला गोठ्याभोवती बोटभर हिरवं शेत उभं असतं. घटस्थापनेचं रुजवण ज्यांनी केलंय त्यांना हे सांगायला नको. उशिरा पेरलं तर मात्र नुसती माती दिसते, आणि ही चूक दरवर्षी कुणीतरी करतंच.

बाळ येशूची मूर्ती 24 तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवू नका. दिवसभर लोक बघून जातात म्हणून काही जण आठवडाभर आधीच ठेवून देतात. रिकामी गव्हाण हीच आगमनकाळाची वाट बघणं आहे. आमच्याकडे मध्यरात्रीच्या मिस्साहून (चर्चमधल्या प्रार्थनाविधीहून) परतल्यावर घरातलं सगळ्यात लहान मूल बाळाला ठेवतं, आणि तोवर गोठ्यातला दिवाही मंद असतो.

पहाटे वीज का जाते?

काही वर्षांपूर्वी सलग तीन दिवस पहाटे पाचला आमच्या घरचा ईएलसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारं स्विच) पडायचा आणि दहा वाजता उचलला की सगळं ठीक. वायरमनला वाटलं फ्रिज. शेवटी सापडलं ते गोठ्यामागे. नाचणीला मी रोज संध्याकाळी पाणी शिंपडत होतो, ते टोपलीखालून झिरपून माळेच्या जोडावर जात होतं. जोडाला काळी पट्टी गुंडाळलेली होती, पण पट्टी म्हणजे झाकण नव्हे. त्यात पहाटेचं दव. ऊन पडलं की जोड सुकायचा.

अशी तक्रार असेल तर सगळ्या पिना काढा, ईएलसीबी उचला आणि एकेक माळ लावत जा. ज्या माळेला पडेल, तिचे जोड बघा. ईएलसीबी पडतो म्हणून त्याला वगळून थेट जोडणी करून घेणं ही जिवावरची चूक आहे. 30 मिलीॲम्पिअरचा ईएलसीबी अंगणात अनवाणी फिरणाऱ्या पोरांना वाचवण्यासाठीच असतो. घरात तो नसेल तर बाहेर माळ लावण्याआधी बसवून घ्या.

जोड जमिनीवर ठेवू नका, वीतभर वर टांगा. बोर्डापाशी येण्याआधी वायरीला खाली झोळ द्या आणि मग वर न्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, पिनेत शिरत नाही. बाहेरची माळ किमान आयपी44 ची असावी (हा आकडा धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो ते सांगतो). आमच्यासारख्या खाऱ्या हवेत आयपी65 घेतलेली बरी.

अर्धीच माळ विझली तर ती लगेच फेकू नका. दिवे गटागटाने एकामागोमाग जोडलेले असतात, एकाचा पाय सुटला की तेवढा गट जातो. पिन काढून विझलेल्या भागातला एकेक दिवा चाचपा, सैल असलेला सापडतोच. पूर्ण माळ विझली तर आधी डबी बघा, आणि पिनेत फ्यूज असेल तर तोही.

झाडांना खिळे

हे थोडक्यात. आंब्या-फणसाच्या खोडात खिळे मारू नका, त्या जखमेतून कीड शिरते. सुतळीने सैल बांधा. फांद्यांवर पाखरं वस्तीला असतात, त्यामुळे झाडावरची माळ अकराला बंद करा. टायमरचा प्लग त्यासाठी चांगला.

उतरवायची वेळ

सजावट तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत शोभते. त्यानंतर ती दव आणि धुळीत कळकट होत जाते. माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा आणि पिनेचं टोक बाहेर ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी उलगडण्याआधीच पेटवून बघता येते. नाचणीची टोपली गुरांना किंवा केळीच्या बुंध्याशी. ताऱ्याचा कागद ओल्या फडक्याने सोडवून काढा; खळ राहिली तर झुरळं कामट्या सोडत नाहीत. सांगाडा उन्हात एक दिवस ठेवून माळ्यावर, आडवा न टाकता खुंटीला.