एक डीव्हीआर, दोन मॉनिटर: जोडताना या चुका टाळा

डीव्हीआरच्या, म्हणजे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं चित्र रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राच्या, मागे एचडीएमआय आणि व्हीजीए असे मॉनिटर जोडायचे दोन पोर्ट दिसले की बहुतेकांना वाटतं, दोन मॉनिटर लावले की दोन वेगळी चित्रं मिळतील. गेटचे कॅमेरे सुरक्षारक्षकासमोर, आतले केबिनमध्ये. प्रत्यक्षात दोन्हीकडे तेच चित्र येतं आणि मग केबल बदलून बघणं सुरू होतं. यंत्र बिघडलेलं नसतं. साध्या डीव्हीआर-एनव्हीआरमध्ये (एनव्हीआर म्हणजे नेटवर्क कॅमेऱ्यांसाठीचं तसंच यंत्र) हे दोन्ही पोर्ट एकच चित्र देतात. माहितीपत्रकात आउटपुटसमोर 'सायमल्टेनियस' लिहिलं असेल तर दोन्हीकडे तेच दिसणार. 'इंडिपेंडंट' असेल तरच वेगळं. म्हणून केबल आणायच्या आधी ठरवा: दोन्ही ठिकाणी तेच चित्र हवंय की वेगळं? मी कुठेही कामाला गेलो की आधी हेच विचारतो, कारण पुढचं सगळं सामान या उत्तरावर ठरतं.

तेच चित्र हवं असेल तर

वाय आकाराची, एका टोकाची दोन टोकं होणारी एचडीएमआय केबल घेऊ नका. एचडीएमआयमध्ये यंत्र आणि मॉनिटर एकमेकांशी बोलतात. मॉनिटर आपल्याला कोणतं रिझोल्यूशन चालतं ते यंत्राला कळवतो. एकाच तारेवर दोन मॉनिटर बोलू लागले की गोंधळ होतो. अॅडॅप्टरवर चालणारा स्प्लिटरच, म्हणजे एका यंत्राचं चित्र दोन मॉनिटरना देणारी डबीच, लागते. ती घेताना स्विच तर हातात येत नाहीये ना, हे बघा. दिसायला दोन्ही सारखेच, पण स्विचचं काम उलटं: अनेक यंत्रं, एक मॉनिटर. खोक्यावर एक इनपुट आणि दोन आउटपुट आहेत का, ते वाचा.

यानंतरची चूक मी स्वतः केली आहे. एका गोदामात ऑफिसमध्ये नवा ४के टीव्ही लावला आणि डीव्हीआरचं रिझोल्यूशन ३८४० × २१६० केलं. टीव्हीवर चित्र एकदम सुरेख आलं. तेवढ्यात गेटवरून फोन, "साहेब, माझ्याकडे अंधार झालाय." स्प्लिटरच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर होता आणि त्यावर 'आउट ऑफ रेंज' एवढंच दिसत होतं. ऑफिसचा टीव्ही संध्याकाळी बंद होणार होता. रात्रभर बघायचं होतं ते त्या जुन्या मॉनिटरवरच. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: दोन स्क्रीनपैकी जी कमी क्षमतेची, तिला झेपेल तेच रिझोल्यूशन. दोन्ही फुल एचडी असतील तर १९२० × १०८०, जुना चौकोनी मॉनिटर असेल तर बहुधा १२८० × १०२४. आणि हे बदल दुसरा मॉनिटर जोडण्याआधी करा. आधीच अडकला असाल तर चित्र दाखवणारा टीव्ही थेट डीव्हीआरला लावा, रिझोल्यूशन खाली आणून सेव्ह करा, मग स्प्लिटर परत जोडा.

टीव्हीवर कडा कापल्या जाऊन तारीख-वेळ दिसत नसेल, तर दोष डीव्हीआरचा नसतो. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' निवडा.

केबल आणि कनेक्टर

साधी एचडीएमआय केबल फुल एचडीसाठी साधारण १० मीटरपर्यंत बिनघोर चालते. १५ च्या पुढे गेलात की चित्रात ठिपके चमकतात, मध्येच स्क्रीन काळी होते. तिथे कॅट सिक्स या नेटवर्क केबलवरचा एक्स्टेंडर, म्हणजे चित्र लांब नेणाऱ्या दोन डब्यांची जोडी, लावा. फुल एचडीसाठी ५०-६० मीटर नेणारे मिळतात. केबल पूर्ण तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नको. साध्या एक्स्टेंडरची केबल थेट एका डबीतून दुसऱ्या डबीत जायला हवी. कनेक्टर लॅनसारखाच दिसतो म्हणून ती मध्ये नेटवर्क स्विचमध्ये खोचली की चित्र येत नाही.

एचडीएमआयला स्क्रू नसतो. भिंतीवरून लोंबणाऱ्या केबलच्या वजनाने कनेक्टर केसभर बाहेर सरकतो, आणि 'कधी चित्र येतं, कधी जातं' ही तक्रार सुरू होते. पोर्टजवळ थोडी ढील ठेवून केबल टायने बांधा. व्हीजीएला दोन स्क्रू असतात, पण ते आवळतो कोण? चित्र पिवळं पडलं तर निळ्या रंगाची पिन नीट बसलेली नाही. गुलाबी-जांभळं झालं तर हिरव्याची. मॉनिटर बदलायच्या आधी स्क्रू आवळून बघा.

एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो, उलटा लावून काही होत नाही. शिवाय पोर्टमधून त्याला मिळणारी वीज तोकडी असते. चित्र लुकलुकत असेल तर यूएसबीने वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर लावा.

वेगळं चित्र हवं असेल तर

इंडिपेंडंट आउटपुटचं यंत्र असेल तर उत्तमच. फक्त माउस एकाच स्क्रीनवर चालतो. तो 'हरवला' तर 'मेनू आउटपुट' कोणत्या पोर्टवर आहे ते बघा. दोन्ही स्क्रीनवर सगळे कॅमेरे पूर्ण रिझोल्यूशनमध्ये लावले तर यंत्र 'रिसोर्स अपुरे' असा संदेश देतं. अशा वेळी दुसऱ्या स्क्रीनवर मोजकेच कॅमेरे ठेवा.

तसं यंत्र नसेल, तर दुसऱ्या मॉनिटरला एक छोटा संगणक जोडून नेटवर्कवरून चित्र घ्या. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे सगळे कॅमेरे मेन स्ट्रीमवर, म्हणजे पूर्ण दर्जाच्या चित्रावर, उघडणं. १६ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) धरले तर ६४ एमबीपीएस होतात. तेच सब स्ट्रीमवर, म्हणजे हलक्या दर्जाच्या चित्रावर, अर्ध्या एमबीपीएसने, ८ मध्ये भागतं. छोट्या चौकटीत फरक जाणवतही नाही. एनव्हीआरला पीओई पोर्ट (एकाच केबलने कॅमेऱ्याला वीज आणि नेटवर्क देणारे) असतील तर संगणक त्यात नको, लॅन पोर्टच्या नेटवर्कवर जोडा. आणि कळकळीची विनंती: त्या संगणकावर अॅडमिनचा पासवर्ड टाकू नका. फक्त लाइव्ह बघण्याची परवानगी असलेला वेगळा युजर बनवा. नाहीतर त्या खुर्चीवर बसणारा कोणीही रेकॉर्डिंग पुसू शकतो.

वीज गेल्यावर

डीव्हीआर यूपीएसवर आणि स्प्लिटर भिंतीच्या सॉकेटवर, असं बऱ्याच ठिकाणी असतं. वीज गेली की दोन्ही स्क्रीन जातात. स्प्लिटर आणि एक्स्टेंडरची दोन्ही टोकंही यूपीएसवर घ्या. वीज आल्यावर 'नो सिग्नल' राहिलं तर आधी मॉनिटर, मग स्प्लिटर आणि शेवटी डीव्हीआर या क्रमाने चालू करा. काही यंत्रं सुरू होतानाच मॉनिटर जोडलेला आहे का ते तपासतात.

स्क्रीन काळी झाली म्हणून रेकॉर्डिंग थांबतंच असं नाही, आणि स्क्रीनवर चित्र आहे म्हणून रेकॉर्डिंग होतंच आहे असंही नाही. जोडणी झाली की प्लेबॅक उघडून मागच्या दहा मिनिटांचं चित्र प्रत्येक कॅमेऱ्याचं बघा, मगच शिडी आवरा.