झटका मशीन बसवताय? आधी अर्थिंग बघा

झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत करंटचे ठोके सोडणारं यंत्र, बसवलंय तरी डुकरं हरभऱ्यात घुसू लालेत, अशी बोंब ऐकली की मी मशीनकडं बघतच नाही, आधी अर्थिंगची सळई उपटून बघतो. बहुतेक वेळा ती हातानंच निघून येते.

बंदूक, फासे, गावठी बॉम्ब यांचा विषयच काढू नका. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, सरळ जेल. अन् तारेत डायरेक्ट लाईट सोडणाऱ्यांना तर हात जोडतो, रात्री पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूस त्याला चिकटतो. झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा ठोका देतं, व्होल्टेज हजारोंत पण टिकतं क्षणाच्या बारीक तुकड्यापुरतं, म्हणून जनावर पळतं, मरत नाही.

खांब, इन्सुलेटर, तार हे काम कुणीही करतं. डुकरासाठी पहिली तार जमिनीपासून आठ-दहा इंचावर, दुसरी दीड फुटाच्या आसपास, हरणासाठी वर अजून दोन. खालची तार उंच गेली तर झटका नाकाला न बसता पाठीला बसतो, अन् डुक्कर मागं फिरायचं सोडून पुढंच पळतं, म्हणजे तुमच्याच पिकात.

आता अर्थिंग, इथं माझाही लई घाम निघालाय. करंट तारेतून जनावरात, त्याच्या पायातून मातीत, मातीतून सळईत अन् परत मशीनमध्ये गेला तरच झटका बसतो. दुकानदार दोन फुटाची एक सळई देतो अन् म्हणतो ठोका कुठंबी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळईपासून सुटते, मग मशीन नुसतं टकटक करत बसतं. पाच-सहा फुटाच्या किमान तीन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) सळया घ्या, एकमेकींपासून दहा फूट लांब ठोका, हौदाचं पाणी सांडतं अशा ओल्या जागी, अन् तिन्ही एकाच जीआय तारेनं क्लॅम्प लावून जोडा. नुसती तार पिळून ठेवू नका, तांब्याची तर जोडूच नका, सांधा गंजतो. मीठ-कोळसा घातला तर चांगलंच, पण उन्हाळ्यात सळईला पाणी घालावंच लागतं.

मोटारीच्या किंवा डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) अर्थिंगला मशीन जोडायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका, ठोका स्टार्टरपर्यंत येतो. तिथून तीस-चाळीस फूट तरी लांब राहा.

तपासायचं असं: मशीन बंद करून, तीनशे फूट लांब दोन-चार लोखंडी सळया तारेला टेकवून जमिनीत रोवा, मग मशीन चालू करा अन् कुंपणाच्या मीटरनं शेवटच्या अर्थिंग सळईवर व्होल्टेज बघा. तीनशेच्या वर दाखवलं तर अजून एक सळई ठोका अन् परत बघा. वायरमनचा साधा टेस्टर इथं कामाचा नाही.

एवढं करूनही एप्रिल-मेमध्ये माती कोरडीठाकच राहिली तर एक तार करंटची अन् तिच्या शेजारची थेट अर्थिंगला जोडा, जनावर दोन्हींत नाक घालतं अन् माती मधी येतच नाही.

तारेत करंट आहे अशी पाटी लावा. पावसाळ्यात खालच्या तारेला गवत लागू देऊ नका, सगळा करंट तिथंच उतरतो. अन् सुरुवातीचे काही दिवस मशीन रात्रंदिवस चालूच ठेवा, एकदा का डुकरानं बंद तार ओलांडली की मग तीच त्याची रोजची वाट होते.