टॉर्पेडो सिगार ओढताना धूर येत नसेल तर: माझा अनुभव

निमुळत्या टोकाचा सिगार. गाल आत जाईपर्यंत ओढला तरी धूर जेमतेम, वर जिभेवर कडवटपणा. बोटांत हलकेच फिरवून पाहिला, सुई घातली, ह्युमिडॉरची (सिगार ठेवायच्या पेटीची) आर्द्रता ६५ टक्क्यांवर आणली. फरक शून्य. नुसता वैताग!

अडत होतं तोंडात धरायच्या निमुळत्या टोकातच. तिथे पानं दाटीने एकत्र येतात. टोक जरासंच उडवलं की वाट बारीक राहते.

आता पेटवण्याआधी धारदार कटरने टोक तीनेक मिलिमीटर सरळ कापतो, एका झटक्यात. मग न पेटवताच ओढून बघतो. हवा अडली तर आणखी एक मिलिमीटर, पुन्हा ओढून बघायचं. हवा मोकळी आली की थांबायचं. टोकावर चिकटवलेल्या पानाच्या टोपीची कड मात्र ओलांडायची नाही, नाहीतर वरचं पान उलगडत जातं. (बोथट कटरनेही तेच होतं.)