रिमोट डेस्कटॉपमधून समोरच्याच प्रिंटरवर बिल कसं काढायचं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे कॉम्प्युटर मी बघतो. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर, बिल छापायचं गोदामात; गोदामातल्या कॉम्प्युटरवर सर्व्हरची स्क्रीन उघडायची ती रिमोट डेस्कटॉपने. टेम्पो भरून उभा आणि प्रिंटर दिसेना, असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: कनेक्ट होण्याआधी टिक केली होती का?

'रिमोट डेस्कटॉप कनेक्शन' उघडलं की लगेच कनेक्ट दाबू नका. 'शो ऑप्शन्स', मग 'लोकल रिसोर्सेस', तिथे 'प्रिंटर्स'वर टिक. 'जनरल'मध्ये येऊन सेव्ह करा. जुनं सेशन, म्हणजे आधीचं लॉगिन, उघडं असेल तर नुसती खिडकी बंद करून भागत नाही. साइन आउट करून परत या.

सर्व्हरवर आत गेल्यावर प्रिंटरच्या नावापुढे 'रीडायरेक्टेड' आणि सेशनचा आकडा दिसतो. हा आकडा बदलतो, म्हणून टॅलीत प्रिंटर पुन्हा निवडावा लागू शकतो.

तरी दिसेना? दोन्हीकडची प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी) सर्व्हिस चालू आहे का बघा. सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत (काय चालेल, काय नाही हे ठरवणाऱ्या सेटिंग्जमध्ये) क्लायंट प्रिंटर रीडायरेक्शन, म्हणजे आपल्याकडचा प्रिंटर सर्व्हरवर दिसणं, बंद केलेलं नाही ना, तेही तपासा.

डॉट मॅट्रिक्सकडे मात्र नीट लक्ष द्या. लेझरला विंडोजचं 'इझी प्रिंट' (सर्व्हरवर प्रिंटरचा वेगळा ड्रायव्हर न टाकता छापायची सोय) पुरतं; डॉट मॅट्रिक्सवर अक्षरं पुसट येतात, ओळी सरकतात, तीन प्रतींच्या कागदावर खालची प्रत वाचवत नाही. अशा वेळी सर्व्हरवर त्याच प्रिंटरचा ड्रायव्हर टाका, दोन्हीकडे ड्रायव्हरचं नाव अक्षरशः एकच हवं. मग पॉलिसीत 'इझी प्रिंट आधी वापरा' हे डिसेबल करून नव्याने लॉगिन करा.